‘बाई, ह्यात पार्ट कुठाय?’ : इंग्रजीत पॅसिव्ह कधी वापरायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपलं बोलणं एकाच गोष्टीवर राहील. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, आता चाकणला क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये नोकरी. शाळेत ‘चेंज द व्हॉइस’चे मार्क कधी गेले नाहीत. डिप्लोमाला जर्नल लिहिताना सरांनी सांगितलं, रिपोर्ट नेहमी पॅसिव्हमध्येच लिहायचा. आता मॅनेजर ‘टू मच पॅसिव्ह’ असा शेरा मारून रिपोर्ट परत पाठवतात आणि कॉम्प्युटरही दर दुसऱ्या ओळीखाली रेघ ओढतो. एकदा वैतागून तुम्ही सगळं ॲक्टिव्ह करून पाठवलंत, तर साहेब म्हणाले, ‘हा काय निबंध आहे का?’ म्हणून तुम्ही विचारताय, नेमका नियम काय?

तुम्ही नियम विचारताय खरे, पण नियम तुम्हाला माझ्याइतकाच येतो. कर्म पुढे आणा, ‘टू बी’चं रूप लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, कर्त्याला ‘बाय’ लावून मागे बसवा. व्हॉइस कसा बदलायचा हे शाळेने घोटून घेतलं. का बदलायचा, हे मात्र कुणी कधी विचारलंच नाही. प्रश्नपत्रिकेत वर एक वाक्य, खाली त्याचं दुसरं रूप. त्यामुळे आपला समज होतो की दोन्ही वाक्यं एकच आहेत आणि पॅसिव्ह म्हणजे त्याच वाक्याला लग्नासाठी चढवलेला कोट. साहेबांसमोर जायचं, म्हणून आपण कोट घालून जातो.

उत्तराआधी एक कबुली. यातलं बरंच परिस्थितीवर ठरतं. परीक्षेत विचारलं असेल तर सांगतील तसं करा, तिथे डोकं चालवू नका. कंपनीचा स्वतःचा ठरलेला नमुना असेल तर तो पाळा. वकिली मसुद्याची रीत वेगळी, प्रयोगशाळेतल्या नोंदींची वेगळी, ग्राहकाला लिहायच्या मेलची आणखी वेगळी. मी वीस-बावीस वर्षं पॉलिटेक्निकच्या मुलांना इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं कारखान्यांची कागदपत्रं सुधारून दिली. जे सांगते आहे ते त्या कामातून आलेलं आहे. कवितेला किंवा कोर्टाला ते जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

मला हा विषय कळला तो एका फजितीतून. एका कारखान्याने त्यांच्या एका पार्टच्या प्रोसेसचं वर्णन माझ्याकडे सुधारायला पाठवलं. परदेशी ग्राहकाला द्यायचं होतं. सगळी वाक्यं पॅसिव्ह. मी तेव्हा ‘ॲक्टिव्ह म्हणजे चांगलं’ या मताची होते. बसले आणि चाळीसेक ओळी एकजात उलट्या केल्या. ‘द ब्लँक इज हीटेड’चं झालं ‘द ऑपरेटर हीट्स द ब्लँक’. (ब्लँक म्हणजे ज्यातून पार्ट घडवायचा तो लोखंडाचा तुकडा.) ‘इट इज देन फोर्ज्ड’चं झालं ‘द ऑपरेटर देन फोर्जेस इट’. मोठ्या समाधानाने कागद परत दिला. तिथले एक जुने सुपरवायझर होते, इंग्रजी बेताचं, पण मशीनशॉपमध्ये तीस वर्षं काढलेली. त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘बाई, ह्यात सगळीकडे ऑपरेटरच दिसतोय. पार्ट कुठाय?’

मला जरा लागलं. पण घरी येऊन पान पुन्हा वाचलं आणि पटलं. त्या ग्राहकाला ऑपरेटरशी काहीही घेणंदेणं नव्हतं. ऑपरेटर तीन शिफ्टला तीन असतात, उद्या त्या जागी रोबो येईल. त्याला पाहायचं होतं की लोखंडाचा एक तुकडा आत येतो, तापतो, ठोकला जातो, कापला जातो, घासला जातो आणि पेटीत भरून बाहेर पडतो. ती गोष्ट त्या तुकड्याची होती. मी प्रत्येक ओळीत तुकड्याला मागे ढकलून दुसऱ्यालाच हिरो केलं होतं.

तेव्हापासून मी व्हॉइसचा विचार करताना पहिला प्रश्न एवढाच विचारते, की या परिच्छेदात गोष्ट कोणाची चालली आहे? ज्याची असेल तो वाक्याच्या पहिल्या जागेवर बसला पाहिजे. तो काही करत असेल तर वाक्य आपोआप ॲक्टिव्ह होतं. त्याच्यावर काही होत असेल तर आपोआप पॅसिव्ह होतं. व्हॉइस मुद्दाम निवडायचा नसतो. पहिल्या जागेवर कोण बसणार हे ठरलं की तो ठरतोच.

आता आपल्या, म्हणजे मराठीतून इंग्रजीत येणाऱ्यांच्या, खास अडचणीकडे येते. इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात हे सापडत नाही.

मराठीच्या तासाला आपण कर्तरी, कर्मणी, भावे शिकलो आणि इंग्रजीच्या तासाला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह. मधल्या सुट्टीत कुणीतरी सांगून टाकलं की कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. घोटाळा तिथून सुरू होतो. ‘सीतेने पत्र लिहिलं’ हा मराठीत चोख कर्मणी प्रयोग. पत्राच्या जागी चिठ्ठी घाला, ‘लिहिली’ होतं; सीतेच्या जागी राम आणा, क्रियापद हलत नाही. पण इंग्रजीत ते सरळ ‘सीता रोट अ लेटर’, म्हणजे ॲक्टिव्ह. ‘रामाने रावणाला मारलं’ हा भावे प्रयोग, तोही इंग्रजीत ॲक्टिव्हच. मराठीचा प्रयोग सांगतो की क्रियापद कुणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं. इंग्रजीचा व्हॉइस सांगतो की पहिल्या जागेवर करणारा बसलाय की ज्याच्यावर क्रिया झाली तो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

इंग्रजी पॅसिव्हच्या खरोखर जवळ जाणारी मराठी रचना म्हणजे ‘रावण रामाकडून मारला गेला’. व्याकरणाच्या पुस्तकात हिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. घरात आपण ती वापरत नाही. ‘आज भाजी माझ्याकडून केली गेली’ असं कुठली आई म्हणते?

मग मराठी माणसाला पॅसिव्हची गरजच पडत नाही का? पडते की. पण ती तो शब्द हलवून भागवतो. घाटात कुणी विचारलं, ‘हा पूल कधीचा हो?’ तर आपण म्हणतो, ‘हा पूल इंग्रजांनी बांधला.’ पूल पुढे, इंग्रज मागे. इंग्रजांना ‘नी’ चिकटलेला आहे, त्यामुळे ते वाक्यात कुठेही बसले तरी बांधणारे तेच हे कळतं. इंग्रजी भाषेत ही सोय नाही. तिथे शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती. ‘धिस ब्रिज बिल्ट द ब्रिटिश’ म्हणालात तर पुलाने इंग्रज बांधून काढले असा अर्थ होईल. म्हणून पूल पुढे आणायचा तर इंग्रजीला क्रियापद वळवावं लागतं: ‘धिस ब्रिज वॉज बिल्ट बाय द ब्रिटिश.’ जे आपण शब्द सरकवून करतो, ते इंग्रजी भाषा पॅसिव्हने करते.

म्हणून मी मुलांना उलटीकडून यायला सांगते. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी तीच गोष्ट मित्राला मराठीत सांगा, अगदी चहाच्या टपरीवर सांगाल तशी. तुमच्या तोंडून वस्तू आधी आली आणि करणारा मागे राहिला किंवा आलाच नाही, तर इंग्रजीत पॅसिव्हला जागा आहे. ‘माझा मोबाईल चोरीला गेला’: चोर कोण ते माहीत नाही, म्हणून ‘माय फोन वॉज स्टोलन’. ‘मला बढती मिळाली’: देणारी कंपनीच, सांगायची गरज नाही, म्हणून ‘आय वॉज प्रमोटेड’. ‘या रस्त्याचं काम अजून झालेलं नाही’: ‘द रोड हॅज नॉट बीन रिपेअर्ड’. या तीनही मराठी वाक्यांत व्याकरणातला कर्मणी औषधालाही नाही, तरी इंग्रजीत पॅसिव्हच बसतो.

ही खूण एका ठिकाणी फसवते, तेही सांगते. मराठीत आपण ‘मी’ सर्रास गाळतो. ‘गाडी काल सर्व्हिसिंगला दिली’ यात वस्तू पुढे आहे आणि करणारा दिसत नाही, पण ऐकणाऱ्याला तो पक्का माहीत असतो, तो म्हणजे बोलणारा. तिथे इंग्रजीत ‘आय गेव्ह द कार फॉर सर्व्हिसिंग’ हेच बरं. गाळलेला करणारा ‘मी’ किंवा ‘आम्ही’ असेल तर त्याला इंग्रजीत परत बोलवा.

गोष्ट कोणाची, हे वाक्यावाक्यापेक्षा परिच्छेदात जास्त नीट दिसतं. समजा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर चार ओळी लिहायच्या आहेत. ‘द स्टेशन वॉज डिझाइन्ड बाय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. इट वॉज नेम्ड आफ्टर क्वीन व्हिक्टोरिया इन १८८७. इट वॉज रीनेम्ड इन १९९६, अँड इन २००४ इट वॉज डिक्लेअर्ड अ वर्ल्ड हेरिटेज साइट.’ चारही क्रियापदं पॅसिव्ह, आणि कुठेही जड वाटत नाही. डोळा स्टेशनवरून हलतच नाही. आता हेच सक्तीने ॲक्टिव्ह करून पाहा. स्टीव्हन्सने आराखडा केला, रेल्वे कंपनीने राणीचं नाव दिलं, सरकारने नाव बदललं, युनेस्कोने यादीत घेतलं. चार ओळींत चार नवे पाहुणे आणि स्टेशन प्रत्येक वेळी रांगेत शेवटी. वाचणाऱ्याला दर वाक्याला मान वळवावी लागते.

पण तुम्ही स्टेशनवर न लिहिता स्टीव्हन्सवर लिहीत असाल, तर तीच माहिती ॲक्टिव्हमध्ये जायला हवी. ‘स्टीव्हन्स डिझाइन्ड द टर्मिनस. ही ऑल्सो डिझाइन्ड द म्युनिसिपल बिल्डिंग ॲक्रॉस द रोड.’ महापालिकेची इमारत समोरच आहे आणि तीही त्याचीच. इथे ‘द टर्मिनस वॉज डिझाइन्ड बाय हिम’ म्हणणं म्हणजे माणसाचा सत्कार चालू असताना त्याला खुर्चीवरून उठवणं.

याच उदाहरणात ‘बाय’चंही उत्तर आहे. पहिल्या ओळीत ‘बाय स्टीव्हन्स’ लिहिलं, कारण ते नाव हीच बातमी होती. १९९६ च्या ओळीत ‘बाय’ नाही, कारण वाचणाऱ्याला कधी हे हवंय, कुणी हे त्याने विचारलेलं नाही. शाळेत ‘बाय’ गाळला की अर्धा मार्क जायचा, त्यामुळे आपल्या हाताला तो लिहायची खोड लागली आहे. प्रत्यक्षात चांगल्या इंग्रजीतल्या बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतोच. तुमच्या वाक्यात ‘बाय मी’ किंवा ‘बाय अस’ आलं, की शंभरातल्या नव्वद वेळा ते वाक्य ॲक्टिव्ह व्हायची वाट बघत असतं. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुठल्या पाहणीचा नाही.)

करणारा मुद्दाम गाळण्यात केवढी ताकद असते, ते पाहायचं तर राज्यघटनेची इंग्रजी संहिता उघडा. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर. अनुच्छेद १४ सुरू होतो तो असा: ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय टू एनी पर्सन इक्वॅलिटी बिफोर द लॉ...’ अनुच्छेद १५ चं पहिलं कलमही ‘द स्टेट शॅल नॉट डिस्क्रिमिनेट’ असंच. ॲक्टिव्ह. करणाऱ्याचं नाव पहिल्या जागेवर, कारण बंधन राज्यावर घालायचं आहे. मग अनुच्छेद १७ येतो: ‘अनटचेबिलिटी इज ॲबॉलिश्ड अँड इट्स प्रॅक्टिस इन एनी फॉर्म इज फॉरबिडन.’ पॅसिव्ह, आणि ‘बाय’ कुठेच नाही. अस्पृश्यता कुणी पाळायची नाही? राज्याने, देवळातल्या पुजाऱ्याने, खानावळवाल्याने, विहिरीवरच्या शेजाऱ्याने, कुणीच नाही. तिथे ‘द स्टेट’ लिहिलं असतं तर बाकीच्यांना पळवाट सापडली असती. नाव गाळल्यामुळे वाक्याच्या कक्षेत सगळे आले. मी हा अनुच्छेद वर्गात फळ्यावर लिहायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघायची.

आणि त्याच गाळण्याचा उलटा वापरही होतो. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जानेवारी १९८७ मध्ये इराणला शस्त्रं पुरवल्याच्या प्रकरणावर काँग्रेससमोर म्हटलं, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.’ चुका झाल्या. कुणी केल्या? ते वाक्यात नाही. आपल्याकडे घरात काचेचा ग्लास फुटला की पोरगं ‘मी फोडला’ म्हणत नाही, ‘फुटला’ म्हणतं. तोच प्रकार. तुमच्या मॅनेजरला जो पॅसिव्ह खटकतो, तो बहुधा हाच.

कारण तुमच्या क्षेत्रात रिपोर्टच्या शेवटी करेक्टिव्ह ॲक्शनचा, म्हणजे चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार याचा, रकाना असतो. तिथे लिहिलेलं असतं: ‘ऑपरेटर्स विल बी ट्रेन्ड. गेजेस विल बी चेक्ड रेग्युलरली. नेसेसरी ॲक्शन विल बी टेकन.’ (गेज म्हणजे माप तपासायचं साधन.) व्याकरणाची एकही चूक नाही. ऑडिटर मात्र पहिला प्रश्न विचारतो, ‘कोण करणार आणि कधीपर्यंत?’ त्या रकान्यात गोष्ट गेजची नसते, जबाबदारीची असते. तिथे माणूस पहिल्या जागेवर हवा: ‘द शिफ्ट सुपरवायझर विल चेक द गेजेस एव्हरी मंडे.’ एकाच रिपोर्टमध्ये वरच्या भागात पॅसिव्ह बरोबर आणि खालच्या भागात तोच चूक, असं होतं ते यामुळे. म्हणून ‘सगळं पॅसिव्ह’ लिहिलंत तेव्हा साहेब चिडले आणि ‘सगळं ॲक्टिव्ह’ केलंत तेव्हाही चिडले. त्यांचं दोन्ही वेळा बरोबर होतं, फक्त त्यांना ते सांगता आलं नाही.

आपल्याला ही सवय लागते कुठून, तेही बघा. आपण वाचलेलं औपचारिक मराठी म्हणजे सरकारी नोटीस. ‘आपणास कळविण्यात येते की’, ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’, ‘सदर बाब निदर्शनास आली आहे’. या ‘ण्यात येते’ला कर्ता नसतोच, ती खुर्चीची भाषा आहे. आपण इंग्रजीत साहेबाला लिहायला बसलो की हीच भाषा डोक्यात वाजते आणि हातून ‘इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट’ उतरतं. ते वाक्य तर इंग्रजी म्हणूनही टिकत नाही. ‘इन्फॉर्म’ला कुणाला ते लागतं, माणूस लागतो. ‘यू आर इन्फॉर्म्ड’ चालेल, ‘इट इज इन्फॉर्म्ड’ नाही. आणि सरळ बातमी सांगितली तर दोन्हींची गरज नाही.

आणखी एक चूक, थोडक्यात. मराठीत ‘अपघात झाला’, ‘बिघाड झाला’ म्हणतो, म्हणून ‘ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’, ‘प्रॉब्लेम वॉज ऑकर्ड’ लिहिलं जातं. हॅपन, ऑकर, अराइव्ह, डाय ही क्रियापदं कर्म घेत नाहीत, त्यामुळे त्यांचा पॅसिव्ह होतच नाही. ‘द प्रॉब्लेम ऑकर्ड’, संपलं. याच्या बरोबर उलट, ‘मी सांगलीत जन्मलो’ मराठीत साधं कर्तरी, पण इंग्रजीत ‘आय वॉज बॉर्न’ असंच लागतं. ‘आय बॉर्न’ लिहिणारी मुलं दर वर्षी दोन-चार तरी भेटायचीच.

आता तुम्ही पाठवलेला उतारा घेऊ. तो असा आहे: ‘इट इज टू बी इन्फॉर्म्ड दॅट ४० शाफ्ट्स वेअर रिसीव्ह्ड बाय अस फ्रॉम मशीनशॉप ऑन मंडे. इन्स्पेक्शन वॉज डन बाय मी. इट वॉज ऑब्झर्व्ड बाय मी दॅट डायमीटर वॉज फाउंड ओव्हरसाइज इन ६ शाफ्ट्स. द प्रॉब्लेम वॉज ऑकर्ड ड्यू टू टूल वेअर. द सेम शाफ्ट्स वेअर टॅग्ड अँड सेंट फॉर रिवर्क. नेसेसरी ॲक्शन विल बी टेकन.’

पहिल्या वाक्याची सुरुवात, म्हणजे ‘इन्फॉर्म्ड दॅट’पर्यंतचं सगळं, काढून टाका. राहिलं ‘वेअर रिसीव्ह्ड बाय अस’. इथे ‘वुई रिसीव्ह्ड ४० शाफ्ट्स’ म्हणा किंवा ‘बाय अस’ उडवून ‘४० शाफ्ट्स वेअर रिसीव्ह्ड’ ठेवा. मी दुसरं ठेवीन, कारण पुढे गोष्ट शाफ्टचीच आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र मी ॲक्टिव्ह करीन: ‘आय इन्स्पेक्टेड ऑल ४०.’ तपासलं कुणी याला तुमच्या कामात किंमत आहे, उद्या कुणी विचारलं तर तुम्हीच उत्तर देणार. शिवाय ‘इन्स्पेक्शन वॉज डन’ यात ‘इन्स्पेक्ट’ या चांगल्या क्रियापदाचं नाम करून त्याला ‘डन’ची कुबडी दिलेली आहे. मराठीतलं ‘तपासणी केली’ तसंच्या तसं आलंय.

तिसऱ्या वाक्यात ‘ऑब्झर्व्ड’ही आहे आणि ‘फाउंड’ही आहे. एकच गोष्ट दोनदा पाहिली. ‘सिक्स वेअर ओव्हरसाइज’ एवढं पुरे. हा पॅसिव्ह नाही हेही लक्षात घ्या. ‘वेअर’ दिसलं की पॅसिव्ह, असं नसतं. ‘ओव्हरसाइज’ हे विशेषण आहे. जमलं तर किती जाड ते मायक्रॉनमध्ये लिहा, व्याकरणापेक्षा साहेबांना ते जास्त आवडेल.

चौथं वाक्य: ‘द कटिंग टूल हॅड वॉर्न आउट.’ टूल झिजलं, ॲक्टिव्ह, आणि कुणावर बोटही नाही. टूल झिजलं की कमी धातू निघतो आणि बाहेरचा व्यास वाढतो, ही साखळी वाचणाऱ्याला आपोआप दिसते.

पाचवं वाक्य पॅसिव्हच राहू द्या: ‘द सिक्स शाफ्ट्स हॅव बीन टॅग्ड अँड सेंट फॉर रिवर्क.’ टॅग कुणी लावला याने काही फरक पडत नाही, शाफ्ट आता कुठे आहेत हे महत्त्वाचं. कॉम्प्युटर याच्याखाली रेघ ओढेल. ओढू दे. त्याला ‘हॅव बीन टॅग्ड’ हा आकार ओळखता येतो, गोष्ट कोणाची ते त्याला कळतंच असं नाही. रेघ म्हणजे चूक असं समजू नका, ‘इथे एकदा बघून घ्या’ एवढंच समजा.

ॲक्टिव्हचा हट्ट धरणारे फक्त कॉम्प्युटरच नाहीत. आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४६ मधल्या एका निबंधात नियमच घालून दिला, की ॲक्टिव्ह वापरता येत असेल तिथे पॅसिव्ह कधीही वापरू नका. आणि त्याच निबंधात, लोक पॅसिव्ह फार वापरतात ही तक्रार करताना त्याने लिहिलं, ‘द पॅसिव्ह व्हॉइस इज व्हेअरएव्हर पॉसिबल यूज्ड...’ ते वाक्यच पॅसिव्ह. मला यात त्याची चूक दिसत नाही. तिथे गोष्ट पॅसिव्हची चालली होती, म्हणून पॅसिव्ह पहिल्या जागेवर बसला. लिहिणाऱ्याच्या हाताला ते कळलं होतं, नियम करताना तो विसरला.

दुसऱ्या बाजूचा हट्टही तितकाच पोकळ आहे. तुमच्या सरांनी सांगितलं की शास्त्रीय लिखाणात ‘आय’ आणि ‘वुई’ चालत नाही. वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये डीएनएच्या रचनेवर जो लेख छापला, त्याचं पहिलं वाक्य ‘वुई विश टू सजेस्ट अ स्ट्रक्चर’ असं सुरू होतं. प्रस्ताव त्यांचा, म्हणून ते पुढे. प्रयोगाच्या कृतीत मात्र ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ म्हणतात, कारण तिथे द्रावण पुढे.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, ‘नेसेसरी ॲक्शन विल बी टेकन’. इथे मी व्याकरण सुधारू शकत नाही, कारण माहितीच नाही. ‘नेसेसरी’च्या जागी काय करणार ते घाला: समजा, दर पन्नास नगांनंतर टूल तपासायचं. मग ते कोण करणार ते वाक्याच्या सुरुवातीला घाला. त्या जागी कुणाचा हुद्दा लिहायचा, ते तुम्हाला शिफ्टवर जाऊन विचारावं लागेल. आणि रिपोर्ट पाठवायच्या आधी त्या माणसाला एकदा सांगून ठेवा, नाहीतर त्याला ते ऑडिटच्या दिवशी कळेल.